पाणी भरपूर होतं, तरी ताई कोसळली: ग्रँड कॅनियनमधल्या एका दिवसाचं प्रकरण

अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या खोल दरीच्या वाटेवर उन्हाळ्यात कुणी कोसळलं की आजूबाजूचे लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावणं. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. या प्रकरणात मात्र त्यानेच दुखणं वाढलं, आणि ते वाढवणारी माणसं अतिशय काळजी घेणारी होती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक स्पष्ट करतो. यातले बहीण-भाऊ म्हणजे कुणी खऱ्या व्यक्ती नव्हेत. या वाटेवर उन्हाळ्यात जे वारंवार घडतं, त्यावरून अभ्यासासाठी हे प्रकरण रचलेलं आहे. वाट, अंतरं, उंची, पाण्याच्या जागा, तिथले नियम आणि शरीरात काय होतं ते मात्र जसंच्या तसं आहे.

वाट

साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिणेकडच्या वरच्या कडेवरून, तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत उतरणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत. ब्राइट एंजल ही मुळात हावासुपाई या इथल्या आदिवासी लोकांची वाट. कॅनियनमध्ये रेडवॉल चुनखडीचा सुमारे दीडशे मीटर उंचीचा सरळसोट कडा मैलोन्‌मैल पसरलेला आहे आणि तो ओलांडायला फार थोड्या जागा आहेत. ब्राइट एंजल प्रस्तरभंगामुळे (जमिनीतल्या मोठ्या भेगेमुळे) खडक सरकला, कडा मोडला आणि तिथून माणसाला वर-खाली करता येऊ लागलं. त्याच भेगेच्या आधाराने झरे आहेत, झाडं आहेत, सकाळ-संध्याकाळ कड्यांची सावली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राल्फ कॅमेरॉन या राजकारण्याने या वाटेवर माणशी एक डॉलर टोल लावला होता. तो चुकवता यावा म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसने १९२४-२५ मध्ये साउथ कायबॅब ही दुसरी वाट बांधली. ती दरीच्या कुशीतून न जाता उघड्या डोंगरसोंडेवरून जाते. त्यामुळे तिथून दृश्य अफाट दिसतं, पण वाटेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावली जवळजवळ नाहीच.

म्हणजे आजचा ट्रेकर सावलीत चालतो की उन्हात, हे शंभर वर्षांपूर्वीच्या टोलच्या भांडणाने ठरवून ठेवलं आहे. मला ही गोष्ट नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

आकडे असे: साउथ कायबॅबची सुरुवात २,२१३ मीटरवर, आणि नदीकाठच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडपर्यंत ११.३ किलोमीटर. तिथून ब्राइट एंजल वाटेने वर यायला १५.३ किलोमीटर आणि सुमारे १,३३० मीटर चढ. जुलैत रिमवर दुपारचं सरासरी कमाल तापमान २९ अंशांच्या आसपास असतं, तर खाली नदीजवळच्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागी सावलीत ४१. उन्हातल्या खडकाजवळ चालणाऱ्याला याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढावर राहू नका, असं पार्क ठिकठिकाणी सांगतं. पण दिवसभराच्या पायपिटीला परवाना लागत नाही. तेव्हा अडवणारं कुणी नसतं. ठरवायचं ज्याचं त्याने.

दिवस

जुलैचा पहिला आठवडा. ताई अडतिशीची, वजन ५५ किलो, नियमित चालणारी. भाऊ तिशीचा, जिममध्ये जाणारा. बेत असा: साउथ कायबॅबने उतरायचं, नदीला पाय लावायचे, ब्राइट एंजलने वर यायचं, रात्री रिमवर जेवायचं. कायबॅबने खाली आणि ब्राइट एंजलने वर हा क्रम योग्यच होता, कारण पाण्याचे नळ चढाच्या बाजूला आहेत. त्यांनी अभ्यास केला होता. कुठे पाणी मिळेल याची यादी ताईच्या फोनमध्ये होती. "पाण्याची हयगय करायची नाही," हे तिने आदल्या रात्री दोनदा बजावलं होतं.

कायबॅबच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. पहाटेची बस चुकली आणि चालायला सुरुवात झाली पावणेसातला. सीडर रिजपर्यंत हवा गार होती, पाय हलके होते. स्केलेटन पॉइंटवरून नदी पहिल्यांदा दिसली तेव्हा साडेआठ वाजले होते. इथून पुढे ऊन लागायला लागलं. उतरताना गुडघा दुखू लागला म्हणून ताईने आयबुप्रोफेनची गोळी घेतली. भूक नव्हती, एक एनर्जी बार खाल्ला तेवढाच. पाणी मात्र ठरल्याप्रमाणे, दर पंधरा मिनिटांनी, तहान असो वा नसो. पावणेअकराला नदीवर पोचेपर्यंत तिचं तीन लिटर संपलं होतं. भाऊ तहान लागेल तसं पीत होता आणि खारे शेंगदाणे व प्रेट्झेल सतत चघळत होता. त्यामागे काही विचार नव्हता, त्याला ते आवडतात एवढंच.

फँटम रँचला सावलीत ४३ अंश होते. तिथल्या ओढ्यात बरेच लोक कपड्यांसकट बसले होते. या दोघांनी तासभर विसावा घेतला. ताईने अर्धा लिटर पाणी प्यायलं, तीन लिटर भरून घेतलं, आणि पावणेबाराला ते निघाले.

सिल्व्हर ब्रिजवरून नदी ओलांडली, रेतीतून चालून पाइप क्रीकपाशी आले आणि एकच्या सुमाराला डेव्हिल्स कॉर्कस्क्रू चढायला घेतला. काळ्या शिस्ट खडकातली ही वळणावळणाची चढण दुपारी तापून निघते. कोरड्या हवेत घाम निथळत नाही, जागच्या जागी उडून जातो. अंगावर उरते ती मिठाची पांढरी पुटं. ताईच्या टोपीच्या कडेला आणि सॅकच्या पट्ट्यांखाली ती स्पष्ट दिसत होती. ती पीत राहिली.

हावासुपाई गार्डन्सला साडेतीन वाजले. कॉटनवूडची झाडं, वाहता झरा, नळ, रेंजर स्टेशन (रेंजर म्हणजे पार्कचे रक्षक-कर्मचारी). (या जागेचं नाव २०२२ पर्यंत इंडियन गार्डन होतं. इथे शेती करून राहणाऱ्या हावासुपाईंना पार्कने हुसकावून लावलं, शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये गेला. नाव बदललं ते त्यांच्या वंशजांच्या मागणीवरून, आणि उशिरा का होईना, ते योग्य झालं.) ताईचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. बोटातली अंगठी रुतायला लागली म्हणून तिने ती काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. नदीवर असताना तिला दोनदा स्वच्छ, पाण्यासारखी लघवी झाली होती. त्यानंतर चार तासांत एकदाही नाही.

"ताई, लघवी होत नाही म्हणजे पाणी कमी पडतंय. पी अजून."

"अरे, नको वाटतंय रे. पोटात नुसतं डचमळतंय."

"नको वाटलं तरी पी. तूच म्हणाली होतीस ना."

शेजारच्या बाकावरच्या एका भल्या गृहस्थांनीही तेच सांगितलं. तिने अर्ध्या तासात दीड लिटर संपवलं, चारला दोघं उठले. जेकब्ज लॅडरची वळणं चढताना ती दोनदा ओकली. पडलं ते निव्वळ पाणी. भावाने "भरून काढ" म्हणत आणखी अर्धा लिटर दिलं. पावणेसहाला थ्री-माइल रेस्टहाउसला पोचले तेव्हा ती विचारत होती, "नदी अजून किती लांब आहे?" नदी मागे सोडून सहा तास होत आले होते. भावाने "ताई, आपण वर चाललोय," म्हटलं. तिने मान डोलावली, आणि मिनिटभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तेव्हा तो घाबरला आणि रेस्टहाउसजवळच्या आपत्कालीन फोनकडे धावला. कॅनियनमध्ये मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, पण ब्राइट एंजलवर असे फोन बसवलेले आहेत. हा फोन त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय होता.

रेंजरने काय विचारलं

खालच्या गार्डन्सहून रेंजर वर आली. तिने बाटली पुढे केली नाही. आधी तीन प्रश्न विचारले: सकाळपासून प्यायलं किती? खाल्लं काय? लघवी शेवटची कधी आणि कशी? भावाने बोटं मोजून सांगितलं: साडेआठ लिटर, एक बार, दुपारच्या आत. मग तिने हात पाहिला, अंगठी पाहिली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता तो सैल केला, तापमान घेतलं. अंग गरम होतं, पण उष्माघातात असतं तसं भाजणारं नव्हतं.

पाणी तिथेच बंद झालं. ताई शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती, म्हणून थोड्याशा पाण्यात कालवलेलं घट्ट खारट सूप घोटघोट दिलं. मानसिक गोंधळ हे मेंदूला सूज आल्याचं लक्षण असू शकतं, म्हणून तिला चालवत नेण्याचा प्रश्नच नव्हता. अंधार पडण्याआधी हेलिकॉप्टरने हलवलं. रुग्णालयात रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लिटरमागे १२४ मिलिमोल भरलं. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असतं. तीव्र खारट सलाइनचे छोटे डोस दिल्यावर काही तासांत तिचं बोलणं ताळ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी ती घरी जाण्याइतकी बरी झाली.

१२४ आलं कुठून

हे गणित सोपं आहे आणि करून पाहण्यासारखं आहे. ५५ किलोच्या बाईच्या शरीरात साधारण साडेसत्तावीस लिटर पाणी असतं. त्या दिवशी आत गेलं साडेआठ लिटर. घामातून गेलं अंदाजे सहा, लघवीतून एक. म्हणजे दीड लिटर पाणी वर उरलं. इकडे सहा लिटर घामाबरोबर मीठ गेलं, ते एका एनर्जी बारने भरून येणारं नव्हतं. मीठ कमी, पाणी जास्त. दोन्ही बाजूंनी पातळपणा वाढत गेला. ढोबळ हिशेब मांडला तरी १४० वरून १२४ च्या आसपास येऊन पोचतो.

मग जास्तीचं पाणी मूत्रपिंडांनी बाहेर का टाकलं नाही? एरवी टाकलं असतं. पण दीर्घ श्रम, उष्णता, वेदना आणि मळमळ यांमुळे शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं. मूत्रपिंडं झडपा मिटून बसतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ही शक्यता वाढते असं मानलं जातं. भावाने ज्याला पाणी कमी पडल्याची खूण समजलं, ती लघवी बंद होणं, त्याच्या बरोबर उलट गोष्टीमुळे होती. पातळ झालेल्या रक्तातून पाणी पेशींमध्ये शिरतं. बोटं सुजतात ते दिसतं. मेंदू कवटीच्या आत सुजतो ते दिसत नाही. डोकेदुखी, ओकारी, गोंधळ, पुढे आकडी आणि बेशुद्धी असा तो क्रम आहे. वैद्यकात याला श्रमजन्य हायपोनेट्रेमिया म्हणतात, आणि ग्रँड कॅनियन ही तो वारंवार दिसणाऱ्या जागांपैकी एक आहे.

इथे वाचकाने "म्हणजे पाणी कमी प्यावं" असा निष्कर्ष काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साउथ कायबॅबवर जुलैत एक लिटर घेऊन उतरणारा माणूस डिहायड्रेशनने आणि उष्माघाताने मरू शकतो, आणि तसे मृत्यू झालेले आहेत. अडचण अशी की डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणं ही लक्षणं तिन्ही दुखण्यांत सारखीच. रक्त तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. वाटेवर हाती असतो तो फक्त इतिहास: किती प्यायलं, किती खाल्लं, हात सुजले का, पोटात पाणी डचमळतंय का, ओकारीत काय पडलं. तोंड कोरडं, तहान जबर आणि पाणी तासांपूर्वीच संपलेलं असेल तर पाणी द्या. सतत पीत आलेली व्यक्ती सुजली असेल आणि पाणी "नको" म्हणत असेल तर थांबा, खारट खायला द्या, मदत मागवा. गोंधळलेल्या माणसाचं अंग भाजत असेल तर बाकी काहीही शोधत बसण्याआधी कपडे भिजवून वारा घाला, कारण उष्माघातात मिनिटं मोलाची असतात.

"नको वाटतंय रे" हे ताईचं वाक्य या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अचूक वैद्यकीय पुरावा होता. तो तिच्याच शरीराने दिला होता.

कुठे वळता आलं असतं

प्रकरणाची चर्चा करताना लोक चटकन शेवटच्या बाटलीवर बोट ठेवतात. माझ्या मते त्याहून मोठा निर्णय पावणेबाराला झाला.

डोंगर चढताना दमलेला माणूस मागे फिरतो तेव्हा त्याच्यापुढे उतार असतो. कॅनियनमध्ये उलटं आहे. ताजेतवाने असताना, गार हवेत, उतार खाली ओढून नेतो, आणि दमल्याचं कळतं तेव्हा सगळा चढ पुढे उभा असतो, तोही दिवसाच्या सगळ्यात तापलेल्या वेळी. उतरणं ऐच्छिक आहे पण वर येणं सक्तीचं, अशा अर्थाची पाटी पार्कमध्ये प्रसिद्ध आहे. सकाळी सीडर रिजला ती कुणालाच खरी वाटत नाही. या दोघांनाही वाटली नाही, आणि त्यात त्यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. तिथे शरीर खरोखरच तसं काही सांगत नसतं.

पण नदीवर सांगत होतं. ओढ्यात कपड्यांसकट बसलेले लोक आळशी नव्हते. ते चार वाजायची वाट पाहत होते. या दोघांनीही तेच केलं असतं, मधल्या वेळात ताईच्या पोटात काही खारट गेलं असतं, आणि संध्याकाळच्या सावलीत हेडलॅम्प लावून ते मध्यरात्रीपर्यंत वर आले असते, तर दिवस फार लांबला असता, पण घामही कमी गेला असता आणि घड्याळ बघून पाणी ढोसावंही लागलं नसतं. त्यांना आड आलं ते रात्रीच्या जेवणाचं आरक्षण आणि अंधारात चालण्याची भीती. पहिलं रद्द करता येतं. दुसरीबद्दल एवढंच म्हणेन की जुलैत या वाटेवर दुपारच्या दोनच्या उन्हापेक्षा रात्रीचे नऊ पुष्कळ सुरक्षित असतात.

पाण्याचा एक वापर त्यांनी केलाच नाही. शर्ट, टोपी आणि गळ्याचा रुमाल भिजवून चालणं. कोरड्या हवेत ओला कापूस अंगाला इतकं गार ठेवतो की शरीराला स्वतःचा घाम खर्चावा लागत नाही. नदीवर, पाइप क्रीकला आणि गार्डन्सच्या नळावर त्यांच्या हाताशी वाहतं पाणी होतं, आणि सगळं पोटात जात होतं.

भावाची गोष्ट वेगळी झाली याचं श्रेय त्याच्या ताकदीला देऊ नये. तो तहानेप्रमाणे प्यायला, म्हणजे शरीराने मागितलं तेवढंच, आणि दिवसभर खारं खात राहिला. त्याचं वजनही जास्त, म्हणजे तेवढंच पाणी त्याच्यात कमी पातळपणा आणतं. लहान चणीची, शिस्तीने पिणारी, उन्हात भूक मरणारी व्यक्ती या दुखण्याला जास्त सापडते. गटात अशी कुणी असेल तर तिच्या बाटलीइतकंच तिच्या खाऊच्या पिशवीकडे लक्ष हवं. पिशवी दुपारपर्यंत न उघडलेली दिसली तर तीच पहिली सूचना.

आणि गार्डन्सचा तो अर्धा तास. रेंजर स्टेशन काही पावलांवर होतं. १९९६ च्या उन्हाळ्यात कॅनियनमध्ये उष्णतेचे बळी आणि बचावाचे प्रसंग इतके झाले की पुढच्याच वर्षी पार्कने प्रतिबंधक शोध-बचाव कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून रेंजर आणि स्वयंसेवक उन्हाळ्यात वाटेवर उभे राहून कुठे चाललात, पाणी किती, खायला काय, हे विचारतात. म्हणजे कोसळण्याआधी बोलायला माणसं तिथे मुद्दाम ठेवलेली आहेत. पण भाऊ गेला नाही, कारण त्याला वाटलं रेंजरला सांगितलं की हेलिकॉप्टर येणार आणि त्याचं बिल येणार. वैद्यकीय हवाई वाहतुकीचा खर्च अमेरिकेत खरोखर जबर असतो, तेव्हा भीती निराधार नव्हती. मात्र पार्क सर्व्हिस शोध-बचावाचे पैसे सहसा आकारत नाही, आणि साडेतीन वाजता स्टेशनचं दार ठोठावलं असतं तर बहुधा हेलिकॉप्टरची गरजच पडली नसती: खारट सूप, बाटली बाजूला, झाडाखाली चार-पाच तास, आणि लघवी मोकळी होऊन डोकेदुखी उतरल्यावर पुढे चालायचं की मुक्काम करायचा याचा निर्णय रेंजरसोबत बसून.